वेल्सच्या कोळसा खोऱ्यातल्या पणजीचा माग कसा काढायचा?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या सासूबाईंची आजी १८७० च्या आगेमागे जन्मली, दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात एका खाणकामगाराबरोबर तिचा संसार झाला आणि १९३० नंतर कधीतरी ती तिथेच वारली. हाताशी १९११ च्या जनगणनेच्या कागदाची एक प्रत आहे. त्यात तिच्या नावापुढचा व्यवसायाचा रकाना कोरा आहे. माहेरचं आडनाव कुणालाच ठाऊक नाही आणि नाव इतकं सर्रास की त्याच नावाच्या शेकडो जणी सापडतात. नवऱ्याची माहिती भराभर मिळाली, तिची काहीच मिळत नाही. घरातले म्हणतात, ‘ती काही करत नव्हती, तिच्याबद्दल कागद कुठून असणार?’

कागद आहेत. भरपूर आहेत. अशा घरांच्या वंशावळी शोधण्याचं काम मी करते आणि कष्टकरी बायकांबाबत एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसते. आपण त्यांना त्यांच्या नावाच्या नोंदीत शोधत बसतो आणि त्या सापडतात त्यांनी स्वतः जाऊन केलेल्या नोंदीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जन्मदाखल्याच्या उजवीकडे एक रकाना असतो, माहिती देणाऱ्या व्यक्तीचा. सही किंवा निशाणी, बाळाशी नातं, राहण्याचा पत्ता. खाणकामगाराच्या घरी हा रकाना बहुतेक वेळा आईच्या नावाचा असतो. बाप पाळीवर असायचा. जन्म झाल्यापासून ४२ दिवसांत नोंद करायची असे आणि बाळंतपणातून उठलेली बाईच निबंधकासमोर जाऊन सगळं सांगत असे. म्हणजे तिला सात मुलं झाली असतील, तर तिची स्वतःची साक्ष सात वेळा लिहून घेतली गेली आहे. दर खेपेला तारीख आणि पत्त्यासकट.

म्हणून सुरुवात मुलांपासून करा, आणि तीही सासूबाईंच्या थेट आईपासून किंवा वडिलांपासूनच करायला हवी असं नाही. १९११ च्या कागदावरच्या मुलांमध्ये ज्याचं नाव सगळ्यात वेगळं असेल ते निवडा. डेव्हिड, विल्यम, मेरी सोडून द्या. ग्वेन्लियन, इडवाल, किंवा ज्याला मधलं नाव आहे असं कुणी असेल तर उत्तम. जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या मुख्य सरकारी कचेरीच्या ऑनलाइन सूचीत खातं उघडलं की शोध फुकट आहे, आणि तिथे १८३७ पासूनच्या जन्मांपुढे आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. जुन्या छापील सूचींत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून पुढेच मिळत असे, त्यामुळे ऑनलाइन सूचीने बायकांचा शोध अक्षरशः बदलून टाकला. ऱ्होंडातले जन्म शोधताना नोंदणी जिल्हा पॉन्टिप्रीड धरा. ऱ्होंडा नावाने शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

एका मुलावर थांबू नका. तीन मुलं घ्या. तिघांच्या नोंदींत तोच जिल्हा आणि तेच माहेरचं आडनाव आलं, तरच ते आडनाव पक्कं माना. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस ही मूठभर आडनावं अर्ध्या गावाची असतात, कारण तिथे बापाचं नाव हेच आडनाव म्हणून लावायची पद्धत खूप उशिरापर्यंत टिकून होती. योगायोगाने दोन जुळणं सहज घडतं. तिसरं जुळलं की खात्री वाढते. मग एका मुलाचा पूर्ण दाखला मागवा. सूचीत नसलेली गोष्ट तिथे असते: आईच्या रकान्यात कधी कधी एक नाही, दोन जुनी आडनावं दिसतात. आधी त्या वेळचं नाव, मग ‘लेट’ म्हणून एक आडनाव, मग ‘फॉर्मर्ली’ म्हणून दुसरं. यातलं ‘फॉर्मर्ली’ माहेरचं. ‘लेट’ म्हणजे आधीच्या नवऱ्याचं.

हे ‘लेट’ दिसलं तर तिच्या आयुष्याचं एक अख्खं दालन उघडलं असं समजा. कोळसा खोऱ्यात विशी-पंचविशीत विधवा झालेल्या बायका थोड्या नव्हत्या. २३ डिसेंबर १८८५ ला मार्डीच्या खाणीत स्फोट होऊन ८१ जण गेले, १८९४ मध्ये पॉन्टिप्रीडजवळच्या ॲल्बियन खाणीत २९० जण. पण मोठ्या स्फोटांपेक्षा रोजच्या अपघातांनी, छताचा दगड कोसळून किंवा कोळशाच्या डब्याखाली सापडून, जास्त माणसं मेली. त्यांची नावं स्मारकांवर नसतात. ती मिळतात मृत्युदाखल्यात आणि वर्तमानपत्रातल्या कॉरोनरच्या (अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकशीच्या दोन-चार ओळींत. १८९७ च्या कामगार भरपाई कायद्यानंतर मृत कामगाराच्या कुटुंबाला तीन वर्षांची कमाई किंवा १५० पौंड, यातली मोठी रक्कम मिळू शकत होती, कमाल मर्यादा ३०० पौंडांची. तिचा पहिला नवरा या कायद्याच्या आधी गेला असेल, तर ती पोरं घेऊन कुणाच्या आधारावर राहिली हे १८९१ किंवा १९०१ च्या जनगणनेत बघा. बऱ्याचदा बापाच्या किंवा भावाच्या घरी.

आता तुमच्या हातातल्या १९११ च्या कागदाकडे नीट बघू. आधीच्या जनगणनांचे जे कागद आज मिळतात ती गणकाने केलेली नक्कल आहे. १९११ चा कागद मात्र घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेला तसाच जपलेला आहे, वेल्समध्ये तर वेल्श भाषेतले फॉर्मही होते. २ एप्रिल १९११ च्या त्या रात्री विवाहित बाईबद्दल चार आकडे विचारले गेले: लग्नाला किती वर्षं पूर्ण झाली, एकूण किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली किती हयात आहेत, किती गेली. विधवांनी आणि विधुरांनी ही माहिती द्यायची नव्हती, तरी अनेकांनी भरली आणि कारकुनाने ती रेघ मारून खोडली. खोडलेले आकडे अजून वाचता येतात. ते जरूर वाचा.

समजा तिच्या ओळीत असं असेल: २१, ९, ६, ३. यातला २१ तुम्हाला लग्नाचं साल देतो, १८८९ किंवा १८९०. पण ९ आणि ३ हे आकडे तिचं आयुष्य सांगतात. ती तीन मुलं कोण हे शोधणं हा या सगळ्या कामाचा गाभा आहे असं मी मानते, कारण घरातल्या आठवणीत ती कुठेच उरलेली नसतात. पद्धत सोपी आहे, चिकाटी लागते. हयात मुलांचे जन्म सालवार मांडा. खाणकामगारांच्या घरी साधारण दोन-दोन वर्षांच्या अंतराने मुलं होत. जिथे चार-पाच वर्षांची पोकळी दिसेल, तिथे त्याच जिल्ह्यात, वडिलांचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव घालून जन्म शोधा. जी नावं पुढच्या जनगणनेत नाहीत, त्यांचे मृत्यू त्याच सूचीत शोधा. तिथे वय दिलेलं असतं. गेलेल्या बाळाचंच नाव पुढच्या बाळाला ठेवायची रीत होती, त्यामुळे एकाच घरात दोन डेव्हिड दिसले तर चूक समजू नका. बाळाच्या मृत्युदाखल्यावर माहिती देणारी म्हणून पुन्हा बहुतेक तीच असते, ‘मृत्यूसमयी हजर’ या शब्दांसकट. मृतावस्थेत जन्मलेलं बाळ या आकड्यांत धरलेलं नाही, आणि अशा जन्मांची सरकारी नोंद १ जुलै १९२७ पासूनच सुरू झाली. त्याआधीची अशी बाळं दफनभूमीच्या वहीत कधीमधी भेटतात. म्हणून ट्रेऑर्की, ट्रेॲलॉ, फर्नडेल इथल्या दफनभूमींच्या वह्या बघताना फक्त तिचं नाव नको, तिच्या कबरीच्या क्रमांकाखाली आणखी कोण पुरलंय ते विचारा.

मुलांच्या दाखल्यांवरचे पत्तेही एका कागदावर उतरवून घ्या. भाड्याच्या घरातली ही माणसं किती वेळा बिऱ्हाड हलवतात ते दिसेल. खाण बदलली की गल्ली बदलते, संप झाला की पत्ता बदलतो, आणि दोन पत्ते एकाच गल्लीतले असतील तर शेजारी बहुधा तिचीच बहीण निघते.

सहीच्या जागी फुली असेल तर ‘पणजी निरक्षर होती’ असं लगेच लिहून टाकू नका. वेल्समध्ये चॅपलच्या, म्हणजे अधिकृत चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांच्या प्रार्थनाघराच्या रविवारच्या शाळेत लहान-मोठे सगळेच वाचायला शिकत, आणि तेही वेल्श बायबल. लिहिणं तिथे सहसा शिकवत नसत. त्यामुळे जिला सही करता येत नव्हती, तिला स्तोत्रं आणि बायबल अस्खलित वाचता येणं अगदी शक्य आहे. शिवाय ही नोंदणी इंग्रजीत चाले. समोर इंग्रजी लिहिणारा सरकारी माणूस, पुढ्यात इंग्रजी कागद. अशा वेळी फुली मारून मोकळी होणारी बाई अडाणीच असेल असं नाही. १८९१ पासून वेल्समधल्या जनगणनेत भाषेचा रकाना आहे: वेल्श, इंग्रजी की दोन्ही. त्यात तिच्यापुढे नुसतं ‘वेल्श’ असेल आणि १९११ पर्यंत तिच्या मुलांपुढे ‘दोन्ही’ किंवा नुसतं ‘इंग्रजी’ असेल, तर एका पिढीत घरातली बोली कशी सरकली हे तुमच्या समोर आहे.

आता तो कोरा रकाना. माझं यावर ठाम मत आहे: कोरा रकाना म्हणजे काम नव्हतं असं नाही, काम मोजलं गेलं नाही. त्याच कागदावर घरात किती माणसं आहेत आणि खोल्या किती आहेत ते बघा, खोल्यांची संख्याही १९११ ला विचारली होती. नवरा, दोन मोठे मुलगे आणि एक-दोन पोटभाडेकरू, सगळे खाणीत. म्हणजे वेगवेगळ्या पाळ्यांवरून काळे होऊन येणारे चार-पाच पुरुष. खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरं नव्हती. प्रत्येकासाठी पाणी आणायचं, चुलीवर मोठ्या भांड्यात उकळायचं, ते उचलून चुलीसमोरच्या पत्र्याच्या टबात ओतायचं, मग कोळशाच्या धुळीने भरलेले कपडे झटकायचे, वाळवायचे, पुढच्या पाळीवाल्याचं जेवण मांडायचं. पोटभाडेकरूंकडून येणारे पैसे ही तर सरळसरळ तिची कमाई, तीही कुठे लिहिलेली नाही. १९१९ मध्ये खाण उद्योगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सँकी आयोगापुढे एलिझाबेथ अँड्र्यूज या ऱ्होंडातल्या मजूर पक्षाच्या कार्यकर्तीने साक्ष दिली. खाणीवर न्हाणीघरं हवीत अशी तिची मागणी होती. उकळत्या पाण्याची जड भांडी उचलून बायकांच्या शरीराचं काय होतं आणि लहान मुलं कशी भाजतात, हे तिने तिथे मांडलं. तुमच्या पणजीच्या मुलांपैकी एखाद्याच्या मृत्युदाखल्यावर ‘भाजल्याने’ असं कारण दिसलं, तर या साक्षीची आठवण ठेवा आणि त्या आठवड्याचं वर्तमानपत्र काढा. कॉरोनरची चौकशी झालेली असणार, आणि चौकशीत आईला बोलावलेलं असणार. त्या बातमीत तिचे शब्द मिळू शकतात.

लग्नाआधीचं काम मात्र लिहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. खोऱ्यात मुलींना रोजगार कमी होता, त्यामुळे बहुतेक जणी घरकामाला जात. लानेलीच्या बाजूची असेल तर पत्र्याच्या कारखान्यातलं काम दिसेल. १८४२ च्या कायद्याने बायकांना जमिनीखाली काम करायची बंदी झाली होती, पण खाणीच्या वर कोळसा निवडायला, दगड वेगळे करायला त्या होत्याच. १८८१ आणि १८९१ च्या जनगणनेत तिला माहेरच्या घरात शोधून सापडली नाही, तर मोलकरीण म्हणून दुसऱ्याच्या घरात शोधा. त्यासाठी जन्मगाव लागतं.

जन्मगावाकडे जायचा रस्ता लग्नाच्या दाखल्यातून जातो. त्यावर दोघांच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो. आयांची नावं नसतात. १८३७ पासून हे असंच चालत आलं आणि इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला ४ मे २०२१ उजाडावा लागला. तेव्हा तिची आई कोण हे तिच्या स्वतःच्या जन्मदाखल्यातूनच काढावं लागेल. साक्षीदारांची नावं दुर्लक्षू नका, त्यात बहीण किंवा मैत्रीण असते. लग्न चर्चमध्ये झालं, चॅपलमध्ये की निबंधकाच्या कचेरीत, हेही महत्त्वाचं. चर्चमध्ये झालं असेल तर मूळ रजिस्टर शोधा, कारण जनरल रजिस्टर ऑफिसकडून येणारा दाखला ही नक्कल आहे आणि तिच्या हातची खरी सही मूळ वहीतच असते.

वडील मिळाले की १८७१ आणि १८८१ ची जनगणना वाचा. १८५१ मध्ये ऱ्होंडाची वस्ती हजाराच्या आत होती, १९११ ला ती दीड लाखांच्या वर गेली. साहजिकच १८७० च्या सुमारास जन्मलेली बाई मूळची तिथली नसण्याचीच शक्यता जास्त. कार्डिगनशर, कार्मार्दनशर अशा शेतीच्या भागातून किंवा सेव्हर्नच्या खाडीपलीकडच्या सॉमरसेटमधून माणसं लोंढ्याने आली. जन्मगावाचं नाव दर जनगणनेत थोडं वेगळं दिसेल, एकदा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला विभाग), एकदा वाडी, एकदा जवळचं बाजाराचं गाव. सगळे पर्याय नकाशावर मांडा. पश्चिमेच्या खेड्यांत गेलात तर तिच्या आजोबांचं आडनाव वडिलांपेक्षा निराळंही निघेल, आणि लग्न झालेली आजी माहेरच्याच आडनावाने नोंदलेली सापडेल. त्या भागात १९व्या शतकातही हे चालू होतं.

वडिलांचं नावच नसेल, दाखल्यावर तिथे रेघ असेल, तर थांबू नका. ऑनलाइन सूचीत अशा जन्मापुढे आईच्या माहेरच्या आडनावाची जागा सहसा रिकामी असते, म्हणून आधीचा शोध फसलेला असतो. १८७५ पासून अविवाहित आईच्या मुलाच्या दाखल्यावर बापाचं नाव तो स्वतः येऊन सही करेल तरच लागत असे. मूल पुष्कळदा आजी-आजोबांकडे ‘मुलगी’ म्हणून वाढे. पोटगीचा दावा झाला असेल तर तो स्थानिक न्यायालयाच्या बातम्यांत सापडतो. १८४७ च्या सरकारी शिक्षण अहवालाने वेल्श बायकांच्या चारित्र्यावर इतकी चिखलफेक केली होती की पुढच्या पिढ्यांनी अशा गोष्टी घट्ट झाकून ठेवल्या. सासूबाईंशी याविषयी बोलताना हळुवारपणे बोला.

वर्तमानपत्रांसाठी पैसे खर्चायची गरज नाही. ॲबरिस्टविथच्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९ पर्यंतची वेल्श वृत्तपत्रं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली आहेत, ११ लाखांहून जास्त पानं. तिथे तिचं नाव घालू नका. विवाहित बाई छापली जाते ती नवऱ्याच्या नावाने, ‘अमुक याची पत्नी’ म्हणून. गल्लीचं नाव आणि चॅपलचं नाव घालून शोधा, आणि वेल्श भाषेतली पत्रंही चाळा. ॲबरडेअरहून निघणाऱ्या कामगारांच्या वेल्श साप्ताहिकात इंग्रजी पत्रांत न आलेली मृत्युलेखं असतात. चॅपलच्या वार्षिक अहवालात सभासदांची वर्गणी नावानिशी छापत, त्यात बायका स्वतःच्या नावाने असतात. शाळेच्या दाखल-वहीत मुलाची जन्मतारीख, पालकाचं नाव आणि आधीची शाळा मिळते. गरीब-मदतीच्या नोंदी, ही मदत वाटणाऱ्या स्थानिक गार्डियन मंडळाच्या इतिवृत्तांसह, कार्डिफच्या ग्लॅमॉर्गन आर्काइव्हजमध्ये आहेत, आणि खाणकामगार संघटनेचे कागद स्वान्झी विद्यापीठाच्या साउथ वेल्स कोलफील्ड संग्रहात.

तिचा भाऊ सैन्यात होता आणि मुंबई इलाख्यात राहिला, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते खरं असेल तर तो तिच्या माहेराकडे जायचा आणखी एक रस्ता आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. खडकी, पुणे, देवळाली इथलं लग्न सापडलं तर त्यातलं वडिलांचं नाव तिच्या दाखल्यातल्या नावाशी ताडून बघता येईल.

१९२१ ची जनगणना १९ जूनला झाली, ऐन खाणींच्या टाळेबंदीत, त्यामुळे घरातले पुरुष कामाविना दिसले तर नवल नाही. त्यात मालकाचं नावही विचारलेलं आहे, मुली कुठे कामाला होत्या ते कळेल. १९३१ ची जनगणना आगीत गेली, ती शोधू नका. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये, युद्ध सुरू झाल्यावर केलेल्या लोकांच्या सरकारी रजिस्टरात ती तोवर हयात असेल तर सापडेल, नसली तरी मुली त्यांच्या जन्मतारखांसह भेटतील.

आत्ता एवढंच करा: १९११ च्या कागदावरचे ते चार आकडे, सगळ्या मुलांची नावं आणि वयं मला लिहून पाठवा. तोवर सूचीतून तीन मुलांच्या नोंदी काढा आणि पहिला दाखला मागवताना लग्नाचा नको, सगळ्यात धाकट्या मुलाचा मागवा. धाकटं मूल झालं तोपर्यंत घडलेली लग्नं आणि बदललेली आडनावं त्या एका रकान्यात येऊन पडलेली असतात.